नवा राउटर लावलास? मग एवढं बघ

राउटर बदललास, बरं केलंस. आता आधी जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्यात जसाच्या तसा टाक. मी हौसेनं नवं नाव ठेवलं आणि अख्खा रविवार टीव्ही, कॅमेरा, आईचा फोन असं एकेकाला पासवर्ड भरवत बसलो.

राउटरचं वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग बघून हुरळू नकोस. एका खोलीत तो पळतो, भिंत आडवी आली की दमतो. आमचं साखर पेठेतलं घर जुनं, भिंती दगडी नि जाडजूड. बाहेरच्या खोलीत ३०० एमबीपीएस, स्वयंपाकघरात दोन कांड्या! तिथं २.४ चा पट्टाच बरा. स्मार्ट बल्ब, स्वस्तातले कॅमेरे बहुधा २.४ वरच जोडले जातात. २.४ साठी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली लेन, १, ६ किंवा ११ यांतलाच निवड, हे तिन्ही एकमेकांत घुसत नाहीत.

वेग ९५ एमबीपीएसच्या पुढं सरकेना, तर राउटरला शिव्या घालण्याआधी त्याला जोडलेली नेटची केबल बघ. माझी आधीची चार तारांचीच निघाली. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात, चारवर १०० लाच अडकणार.

आणि राउटरला टीव्हीच्या कपाटात कोंडू नकोस रे. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ ला टेकतो, आत बिचारा भाजून निघतो. लाइट गेल्यावरही नेट हवं तर छोटा यूपीएस घे, पण आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट नि अँपिअर वाच. माझा १२ व्होल्टचा आहे, तुझा ९ चा असू शकतो.