स्कॉटलंडच्या सार्वमतात एकाच देशातील वेगवेगळ्या भागांनी इतके वेगळे मतदान का केले?

आपण विचारले आहे की, 18 सप्टेंबर 2014 रोजी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले तेव्हा ग्लासगो आणि डंडी यांनी ‘होय’ म्हटले, तर एडिनबर्ग, ॲबरडीन आणि इंग्लंडच्या सीमेलगतचा मुलूख ‘नाही’ म्हणाला. मग नकार देणाऱ्या भागांतील माणसांचे आपल्या देशावर प्रेम कमी होते, असे समजायचे का? प्रश्नाचा हा शेवटचा भाग वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवेना, कारण हेच वाक्य, फक्त गावांची नावे बदलून, मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यापायी दोन घरांचे येणेजाणे अकरा वर्षे बंद पडलेले पाहिले आहे.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मतपत्रिकेवरचा प्रश्न सगळीकडे सारखा छापलेला असला तरी मतदार उत्तर देतो ते आपल्या दारात उभ्या असलेल्या प्रश्नाला, आणि दार बदलले की प्रश्न बदलतो.

मी सावंतवाडी तालुक्यातील आरोंद्याचा. तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे आमचे घर आणि पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. माझी आत्या पलीकडे दिलेली होती आणि मावशी मडगावला, म्हणजे दक्षिण गोव्यातील साष्टी तालुक्यात. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि 16 जानेवारी 1967 रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर ‘फूल’, वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे असेल तर ‘दोन पाने’. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, फुलाला मत दिले आणि मडगावच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, दोन पानांना. दोघेही हिंदू, दोघांच्याही घरी गणपतीची आरती मराठीत, दोघांच्याही घरी मराठी वर्तमानपत्र येत असे. म्हणून ‘ख्रिस्ती एका बाजूला आणि हिंदू दुसऱ्या बाजूला’ हे जे सोपे उत्तर आजही दिले जाते ते मला मान्य नाही. साष्टीतील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात दोन पानांच्या मागे उभा राहिला हे खरे आहे, परंतु गोव्यात तेव्हाही हिंदूच बहुसंख्य होते आणि त्यांच्यातील हजारो लोकांनी दोन पाने निवडल्याशिवाय तो निकाल लागलाच नसता.

आतोबा एका भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, कूळ होते. त्यांच्या मागील दाराच्या फळीवर आतल्या बाजूने कोळशाच्या रेघा ओढलेल्या होत्या: भाटकाराच्या घरी घातलेल्या प्रत्येक कुडव (धान्याचे एक माप) भातामागे एक उभी रेघ, आणि वर्ष संपले की खाली एक लांब आडवी रेघ. भाटकाराने खंडाची पावती कधी दिली नाही, म्हणून तो दरवाजा हीच आतोबांची पावती होती, आणि पावसाळ्यात ओल येऊन रेघा पुसट झाल्या की आत्या त्या पुन्हा गिरवून ठेवत असे. जानेवारी 1967 मध्ये बाबा मला होडीने पलीकडे घेऊन गेले तेव्हा त्याच दारावर, रेघांच्या वरच्या बाजूला, पेजेच्या खळीने फुलाचा छापील कागद चिकटवलेला मी पाहिला. त्या कागदाचा अर्थ मला फार पुढे कळला. आमच्या बाजूला कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्या कुळांना मालक मानले होते आणि माझे बाबा, जे आतोबांसारखेच साधे कूळ होते, ते आपल्या दोन कुणग्यांचे, म्हणजे भाताच्या खाचरांचे, धनी झाले होते. आतोबांना अंगणातून खाडीपलीकडे मेव्हण्याची शेते दिसत असत. गोव्यात 1964 मध्ये कूळ कायदा झाला होता, पण त्याने खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला संरक्षण दिले. मालकी दिली नव्हती. महाराष्ट्र म्हणजे त्यांच्यासाठी शिवाजी महाराज होतेच, मराठी भाषा होतीच, पण त्याआधी तो दिसणारा, मोजता येणारा शेताचा तुकडा होता.

मडगावच्या काकांची गोष्ट अगदी वेगळी होती. ते लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, शिकलेले, पोर्तुगीज उत्तम लिहिणारे आणि एका सरकारी कचेरीत कारकून. मुक्तीनंतर कारभाराची भाषा बदलली आणि वरच्या जागांवर बाहेरून प्रतिनियुक्तीवर अधिकारी येऊ लागले, त्यांत महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ होते. काकांच्या वरच्या जागेवर त्यांच्यापेक्षा वयाने आठ वर्षांनी लहान असा एक माणूस आणून बसवण्यात आला, ज्याला कोकणीचा एक शब्द कळत नव्हता आणि जो कचेरीत येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांवर, त्या मराठी नीट बोलत नाहीत म्हणून, ओरडत असे. 1978 मध्ये मी नोकरीसाठी मडगावला गेलो आणि मावशीकडे राहिलो तेव्हा काकांनी मला स्वतः सांगितले की, त्यांना महाराष्ट्राचा राग कधीच नव्हता. पण विलीनीकरण झाले असते तर आपली कचेरी, आपली भाषा आणि आपले वीस वर्षांचे शिक्षण हे सगळे मुंबईच्या एखाद्या फायलीचे शेवटचे पान झाले असते, अशी त्यांना भीती होती. ती भीती खरी होती, हे मला मान्य करावे लागते.

याच्या मुळाशी इतिहासही आहे. साष्टी आणि बार्देश 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले आणि पेडणे 1788 मध्ये, त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होते. म्हणजे एका तालुक्याने 418 वर्षे पोर्तुगीज अंमल पाहिला आणि दुसऱ्याने 173. पेडण्याच्या सोयरिकी, देवदेवस्की, दशावतार हे सगळे आमच्याकडच्यासारखे. साष्टीची सोयरीक मडगावच्या बाजाराशी, चर्चशी आणि बोटीवर, आफ्रिकेत किंवा मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलांशी. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा या नव्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या, तालुक्यांत फुलाचा जोर आणि साष्टीत दोन पानांचा, हा निकाल त्या जुन्या सीमांवर जवळजवळ जसाच्या तसा बसतो. एकूण दोन पानांना 1,72,191 मते पडली आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 मतांचा.

यानंतर जे झाले ते मला आजही सांगवत नाही, पण सांगतो. मे 1967 मध्ये आमच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न होते आणि मडगावहून मावशी व काका आले होते. पंगत बसली. बाबा यजमान म्हणून स्वतः केळीची पाने मांडत येत होते, आणि काकांच्या समोर आले तेव्हा त्यांनी एकावर एक अशी दोन पाने ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तुमका दोन पानां लागतत, म्हणान दोन घातलंय.” पंगतीतले काही लोक हसले. काका काहीही बोलले नाहीत. त्यांनी ताटावरून उठल्यासारखा हात धुतला, मावशीकडे पाहिले आणि दोघेही उपाशी पोटी एसटीच्या थांब्यावर गेले. आईने त्या दिवशी अन्न घेतले नाही. साडू साडूंचे बोलणे त्यानंतर अकरा वर्षे बंद होते आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की, मराठी वाचून महाराष्ट्राला नको म्हणणारा माणूस आपला नव्हे.

बाबा चुकले होते. हे मी त्यांच्या हयातीत त्यांना सांगू शकलो नाही, म्हणून येथे लिहितो. आणि जितके बाबा चुकले होते तितकाच माझा मावसभाऊही चुकतो, जो दरवर्षी 16 जानेवारीला, गोव्यात अस्मिताय दिस साजरा होतो त्या दिवशी, मला संदेश पाठवतो की पेडण्याच्या लोकांना विलीनीकरणवाद्यांचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर यांनी भुलवले आणि त्यांना स्वतःची ओळखच नव्हती. ज्याने कोळशाने दारावर आपला हिशेब लिहून ठेवला त्याला कोणी भुलवायची गरज नव्हती.

आता स्कॉटलंडकडे पाहा. तेथील 32 विभागांपैकी फक्त 4 विभागांत ‘होय’ला बहुमत मिळाले: डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. डंडी हे एके काळी बंगालच्या तागावर चालणाऱ्या गिरण्यांचे शहर. त्या गिरण्या गेल्या. ग्लासगोच्या क्लाइड नदीवरच्या जहाजबांधणीचा बहुतांश भाग गेला. वेस्ट डनबार्टनशायरमधील क्लाइडबँकचा शिवणयंत्रांचा प्रचंड कारखाना 1980 मध्ये बंद झाला आणि नॉर्थ लॅनार्कशायरमधील रेवन्सक्रेगचा पोलाद कारखाना 1992 मध्ये. म्हणजे ज्यांना लंडनच्या राज्यात आपले काही उरले आहे असे वाटत नव्हते, त्यांनी ‘होय’ म्हटले. हे आमच्या आतोबांचे दार आहे. एडिनबर्गमध्ये बँका आणि विमा कंपन्या आहेत आणि तेथे 61 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले, कारण उद्या पौंड हे चलन राहील का, निवृत्तिवेतन कोण देईल, हा त्यांच्या घरातला प्रश्न होता. ऑर्कनी बेटांवर 67 टक्के ‘नाही’ पडले, कारण त्या बेटांना लंडन जितके लांब वाटते तितकेच एडिनबर्गही परके वाटते. सीमेलगतच्या माणसाची नोकरी, बाजार आणि सोयरीक रेषेच्या दोन्ही बाजूंना असते; अशा रेषेवर पहारा बसला की काय होते, ते 1961 पूर्वीची आरोंद्याची खाडी ओलांडलेल्या कोणालाही विचारावे.

लोक पक्ष आणि प्रश्न वेगळे ठेवतात, याकडे फार थोडे जण लक्ष देतात. मोरे, अँगस आणि पर्थ हे स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे जुने बालेकिल्ले होते, तरी तिन्ही भागांनी ‘नाही’ म्हटले, आणि देशभरात 55.3 विरुद्ध 44.7 टक्क्यांनी स्वातंत्र्य नाकारणाऱ्या त्याच मतदारांनी पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, ब्रिटिश संसदेतील स्कॉटलंडच्या 59 पैकी 56 जागा त्याच पक्षाला दिल्या. आमच्याकडे तर तीन महिनेही गेले नाहीत: जानेवारी 1967 मध्ये विलीनीकरण नाकारलेल्या गोव्याने मार्चच्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा निवडून दिले आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. माझे बाबा याला गोव्याची चंचलता म्हणत. मी याला मतदारांचे शहाणपण म्हणतो, कारण कूळ आणि शाळा यांसाठी त्यांना भाऊसाहेब हवे होते आणि मुंबईच्या हाताखाली जायचे नव्हते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गोव्याचा कौल स्वातंत्र्याचा नव्हता. फूल काय आणि दोन पाने काय, दोन्ही पर्याय भारताच्या आतलेच होते, त्यामुळे ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. दुसरे असे की, काही ठिकाणी ओळख हीच खरोखर भागांची सीमा असते: फ्रान्सच्या ताब्यातील न्यू कॅलेडोनियामध्ये 2018 च्या सार्वमतात मूळच्या कनाक लोकांचे प्राबल्य असलेला उत्तर भाग आणि बेटे स्वातंत्र्याच्या बाजूने गेली, युरोपीय वस्तीचा दक्षिण भाग विरोधात गेला, आणि एकूण 56.7 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. तेथे ज्याला त्याला आपापल्या दारातला प्रश्न होता असे मी म्हटले तर तो वसाहतीचा इतिहास झाकल्यासारखे होईल. पण तेथेही ‘देशप्रेम कमी-जास्त’ हे उत्तर मला चुकीचेच वाटते.

आपल्याला माझा सल्ला एवढाच की, निकालाचा रंगीत नकाशा बाजूला ठेवा आणि प्रत्येक भागात कोणता कारखाना कधी बंद पडला, जमीन कोणाची आहे, नोकरी देणारा कोण आहे आणि तेथील मुले कोठे जातात, एवढे आधी शोधा. आपल्या घरात कोणी या निकालावरून एखाद्या नातेवाइकाला गद्दार म्हणत असेल, तर पंगत बसण्याआधी त्याला अडवा.

आतोबांना जमीन शेवटी मिळाली, आणि तीही महाराष्ट्रात न जाता. 1976 मध्ये गोव्याच्या स्वतःच्या विधानसभेने कसेल त्याची जमीन करणारी दुरुस्ती केली, तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. काकांनाही त्यांची कोकणी राजभाषा झालेली आणि 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झालेले पाहायला मिळाले. आत्याचे घर नवीन बांधले तेव्हा तो मागील दरवाजा मी मागून घेतला. तो आरोंद्याला आमच्या पडवीत उभा आहे; फुलाचा कागद केव्हाच गळून पडला, रेघा मात्र अजून मोजता येतात. येत्या 16 जानेवारीला मावसभावाचा संदेश आला की उत्तरादाखल मी त्याला त्या दाराचा फोटो पाठवणार आहे आणि पंगतीत जे घडले त्याची माफीही मागणार आहे.