हाळाच्या फाटकावर कुलूप, आणि हातात उरलेला एक महिना

येवल्याच्या पूर्व भागातून आलेले हे पत्र; नांदगाव, सिन्नरकडूनही उन्हाळ्यात अशीच येतात. आठ गायी आणि चाळीस शेळ्या तीस वर्षे चुलतभावाच्या जमिनीतल्या विहिरीच्या हाळावर पाणी पीत होत्या. दिवाळीच्या पाडव्याला त्याने तारेचे कुंपण घालून फाटकाला कुलूप लावले. तीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो का, असे तुम्ही विचारता. तो दिवाणी न्यायालयाचा प्रश्न. तिथे वर्षे जातात आणि जनावरे तेवढी थांबत नाहीत.

आज महत्त्वाचे आहे ते मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५. हिरावलेला विहिरीच्या पाण्याचा वापर तहसीलदार पुन्हा सुरू करून देऊ शकतात, पण दावा अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत हवा. त्यातले पाच तुम्ही ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि तलाठी यांच्याकडे अर्ज देण्यात घालवले. त्यातल्या एकाही अर्जाने मुदत थांबलेली नाही. अडवणूक रोज होते म्हणून मुदतही रोज नवी, असे कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. तुमच्या पहिल्या अर्जातच पाडव्याची तारीख आहे.

कलमात पाणी ‘शेतीच्या कामासाठी’ वापरलेले हवे. नुसते ‘जनावरांचे पाणी’ लिहिलेत, तर समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवील. याच विहिरीवरून पाळीने कांदा भिजवत होतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. ते दाव्यात सुरुवातीलाच येऊ द्या, सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीसह. आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्त्याचा अर्ज देऊन परतू नका. ते कलम बांधावरच्या वाटेचे आहे, पाण्याचे नाही.

वाटणीपत्रात विहिरीचा आठ आणे हिस्सा आहे म्हणता. ते नोंदणीकृत असेल तर बाजू भक्कम. नसेल तर मूळ कागद पाहिल्याशिवाय बोलणे बरोबर नाही. हिस्सा शाबीत झाला नाही, तर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतली वाट, पाणी वापरण्याचा हक्क) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे २० वर्षांचा अखंड, उघड वापर दाखवावा लागेल. अडवणूक कळल्यावर वर्षभर मुकाट सोसलीत तर तोही खंडित धरतात.

मागणीत आकडा घाला. उन्हाळ्यात दुभत्या गायीला दिवसाला ७० ते १०० लिटर, शेळीला ५ ते ८ लिटर धरले, तर तुम्हाला ७६० ते १,१२० लिटर लागतात. सकाळ-संध्याकाळ फाटक किती वेळ उघडे हवे तेही लिहा. ‘पाणी मिळावे’ एवढेच मागितले तर आदेशही तितकाच मोघम येतो, आणि भाऊ रात्री दहाला कुलूप काढून आदेश पाळल्याचे सांगतो.