बंदरावरचं जेवण: वेराक्रूझला उतरल्यावर

मेक्सिकोच्या वेराक्रूझ बंदराबद्दल या वेळी चार पत्रं आली आहेत. मी बोटीवर भंडारी होतो. जहाजावरच्या सगळ्यांना दोन वेळचं रांधून घालायचं आणि बंदर लागलं की तिथला बाजार बघायचा, यात माझी नोकरी गेली. वेराक्रूझचा बाजार मला मनापासून आवडतो, म्हणून ही जागा या वेळी त्याच एका बंदराला देतो.

माझा मुलगा गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर डेक कॅडेट आहे. बोट वेराक्रूझला लागणार म्हणतो. उतरायला मिळालंच तर चार-पाच तास मिळतील. बोटीवरच्या जेवणाला कंटाळलाय आणि मासळीशिवाय त्याला घास उतरत नाही. त्याने कुठे जावं, काय खावं?
– एक आई, दाभोळ

ताई, त्याला पहिलं सांगा की गँगवे, म्हणजे बोटीची शिडी, उतरताना घड्याळ बघ. वेराक्रूझला काय खायचं ते वेळेवर ठरतं. सकाळी बाजारात पिकादा आणि गोर्दा या मक्याच्या भाकऱ्या, दुपारी दोन ते चार मासळीचं जेवण, संध्याकाळी कॉफी. तिथली माणसं दुपारी दोनच्या आधी मोठं जेवण जेवत नाहीत. अकरा वाजता भुकेला होऊन मासळी-भात शोधत फिरलं, तर हाती लागतं ते आदल्या दिवसाचं किंवा घाईत केलेलं.

दुसरं, बोट कुठल्या धक्क्याला लागली ते एजंटला विचारावं. जुन्या बंदरातून शहराचा मुख्य चौक, त्याला सोकालो म्हणतात, तो चालत जाण्यासारखा आहे. उत्तरेला वेर्गाराच्या उपसागरात नवं बंदर झालंय, तिथून टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही. परतीचा तास त्याने आधीच बाजूला काढून ठेवावा.

सकाळचा वेळ मिळाला तर सरळ मेर्कादो इदाल्गो, म्हणजे इदाल्गो बाजार गाठावा. पिकादा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. तव्यावरून उतरली की गरम असतानाच बाई बोटांच्या चिमटीने तिची कड उचलत जाते, चारी बाजूंनी बांध घालते. त्या बांधाच्या आत लाल किंवा हिरवी साल्सा, वर चिरलेला कांदा, कुस्करलेलं चीज. साल्सा बाहेर सांडत नाही ती त्या बांधामुळे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन मग वाटतात, त्यामुळे पिठाला एक वेगळाच वास आणि चिकटपणा येतो. गोर्दा याच पिठाची, पण तळलेली. कढईत सोडली की वरून झाऱ्याने तेल उडवतात आणि ती टम्म फुगते. काळी गोर्दा मागावी. तिच्या पिठातच वाटलेला काळा घेवडा मळलेला असतो. गूळ आणि बडीशेपेच्या चवीची गोड गोर्दाही असते, ती शेवटी.

याच बाजारात चिल्पाचोले मिळतं. ते त्याने चुकवू नये. ही कुर्ल्यांची आमटी. सुक्या मिरच्या भिजवून वाटलेल्या, भाजलेला टोमॅटो, लसूण, आणि एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला. दाटपणाला थोडं मक्याचं पीठ. नारळ नाही. कुर्ली फोडून अख्खी वाडग्यात येते, नांगीसकट, म्हणजे हात भरवून खाण्याचं काम. दाभोळच्या मुलाला ते शिकवायला नको. वर लिंबू पिळायचं, सोबत मक्याच्या पोळ्या येतातच.

दुपारी असेल तर आरोस आ ला तुंबादा. कोळ्यांच्या जेवणातून आलेला हा भात खोलगट मातीच्या भांड्यात येतो आणि पातळ असतो, चमच्याने खायचा. कोळंबी, कुर्ली, तिसऱ्या, माशाचे तुकडे, सगळं एकाच रश्श्यात. रस्सा आधी होतो, तांदूळ त्यात शिजतो. बसल्यावर अर्धा तास जाईल हे धरून चालावं. लगेच आणून ठेवला तर तो आधीच शिजवून ठेवलेला आहे असं समजावं. पुरेसा वेळ असेल तर किनाऱ्याने दक्षिणेला बोका देल रिओला जावं. हामापा नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव आता शहराला चिकटलंय, बस सतत असते. तिथे माशाच्या तुकड्यात कोळंबी-कुर्लीचं सारण भरून करतात, ती त्या गावाची ओळख. त्याहून पुढे मांदिंगाची खाडी आहे. कांदळवनाच्या कडेने लाकडी खानावळी, कालवं, तळलेली मासळी, आणि टेबलाशी येऊन वाजवणारे हार्पवाले. पण ती सुट्टीच्या दिवसाची जागा आहे. चार तासांच्या गेटपासवर तिकडे जाऊ नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तिथे ‘नोर्ते’ सुटतो. हा उत्तरेचा वारा. मेक्सिकोच्या आखातावरून असा येतो की बंदर बंद ठेवतात, आत यायच्या बोटी बाहेर नांगरून पडतात. मग छोट्या होड्या कुठून जाणार? जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद असते तेव्हा ताजी सुरमई म्हणून कोणी पुढे केली, तर आपण दोनदा विचारतो ना? तसंच तिथे. नोर्ते सुटून दोन दिवस झाले असतील तर ‘आजचा मासा’ मागू नये. त्या दिवशी खाडीतली कुर्ली आहे, कालवणाचे इतर प्रकार आहेत, काळ्या घेवड्याची आमटी आहे. वाऱ्याचा अंदाज ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, सेकंड मेट या अधिकाऱ्याकडे असतोच, कॅडेटला तो विचारायला काही कठीण नाही.

परतताना वोलोवानेस घ्यायला सांगा. खारी बिस्किटाच्या जातीची पदर सुटलेली पेस्ट्री, आत कुर्लीचं सारण. टोपलीत घेऊन फिरणारे विकतात. वॉचवर, म्हणजे पाळीवर, अडकलेल्या सोबत्यांसाठी डझनभर बांधून नेली तर बोटीवर त्याचं नाव होईल.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. लेक मेक्सिकोतच पुएब्ला शहरात नोकरीला आहे, तिच्यासोबत दोन दिवस वेराक्रूझला जाणार आहोत. मासळीच्या गावात आमचं कसं व्हायचं?
– एक दांपत्य, चिपळूण

सर आणि बाई, तुमचं चांगलं होईल. फक्त विचारायची लाज ठेवू नका. पुएब्लाहून बसने साधारण चार तास लागतात, तेव्हा सकाळी निघालात तर जेवायच्या वेळेला पोचाल.

अडचण मासळीची नाहीच, ती तर डोळ्यांना दिसते. अडचण डुकराच्या चरबीची. तिला मांतेका म्हणतात. वाटलेला घेवडा तिच्यात परततात, पिकादावर गरम गरम फिरवतात. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. आणि नुसतं ‘कार्ने नको’ सांगून भागत नाही, कारण कार्ने म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गाईचं-डुकराचं मांस येतं, कोंबडी येत नाही. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमेमोस कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मांतेका.’ मांस, कोंबडी, मासा, चरबी, काहीच खात नाही. बाजारातल्या बायका हे ऐकून रागावत नाहीत. पिकादा ‘सिन मांतेका’ म्हणजे चरबी न लावता मागितली की तशी करून देतात. तळणीसाठी तेल आहे की मांतेका तेवढं वेगळं विचारा.

अंडं चालतं म्हणता तर सकाळी मालेकोनवरच्या ग्रान काफे दे ला पार्रोकियामध्ये जा. मालेकोन म्हणजे बंदराच्या कडेचा फिरायचा रस्ता. ही कॉफीची पेढी आपलं साल १८०८ सांगते. तिथे ‘वेवोस तिरादोस’ मागा, काळ्या घेवड्यात घोटलेली अंडी. अर्थात इथेही घेवडा कशात परतला ते आधी विचारायचं.

आणि कॉफी. तिचं नाव लेचेरो. काचेच्या उंच पेल्यात तळाशी काळी कॉफी येते. मग चमचा घ्यायचा आणि पेल्याच्या कडेवर टण टण वाजवायचा. किटली घेतलेला वाढपी तो आवाज ऐकून येतो आणि हात वर वर नेत गरम दुधाची धार सोडतो, पेल्याच्या तोंडापर्यंत फेस येतो, थेंब बाहेर नाही. सगळ्या दालनात एकाच वेळी चमचे वाजत असतात. तिथले लोक सांगतात की पूर्वी एक ट्रामचालक येताना घंटा वाजवायचा, म्हणजे पोचेपर्यंत त्याची कॉफी तयार असायची, आणि त्याच्यानंतर गिऱ्हाइकांनी चमच्यांनी ते चालू ठेवलं. कॉफी वेराक्रूझ राज्यातल्याच डोंगरातली, कोआतेपेक भागातली प्रसिद्ध आहे. साखर आपण घालायची. सोबत बोंबा नावाचा गोड पाव मिळतो.

दुपारसाठी पिकलेली मोठी केळी तळून वर साय घातलेली, आणि त्याच केळ्याच्या पिठात चीज भरून तळलेल्या एम्पानादा. पेयांत लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी, त्याला हामाइका म्हणतात, चिंचेचं पाणी, तांदळाचं गोड ओर्चाता. बाईंना हामाइका आवडेल असं मला वाटतं, कोकमाच्या सवयीच्या जिभेला ते लगेच पटतं.

संध्याकाळी सोकालोच्या कमानींखाली बसा. मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजत असतं. आठवड्यातल्या काही संध्याकाळी चौकात दान्सोन नाच चालतो. तो क्युबातून आला. तुमच्या वयाची जोडपी, इस्त्रीचे कपडे, हातात पंखे, अतिशय संथ आणि नेमकी पावलं. तिथे काही तरी प्यायला मागवा आणि बघा. पूर्ण जेवण मात्र मी कमानींखाली घेत नाही. तिथे बैठकीचे पैसे असतात, स्वयंपाकाचे नव्हेत.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. वाढपी दुर्लक्ष करतोय असं समजू नका, न मागता बिल ठेवणं तिथे उद्धटपणा धरतात. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणायचं, आणि दहा ते पंधरा टक्के बक्षिसी ठेवायची.

माझी खानावळ आहे. वेराक्रूझच्या पद्धतीचा टोमॅटोतला मासा ऐकून आहे. आपल्या तांबोशीचा होईल का?
– एक खानावळवाले, मालवण

दादा, तांबोशीचाच करा. त्यांचा वाचिनांगो हा तिचाच भाऊबंद, तांबड्या अंगाचा आणि घट्ट मांसाचा.

तांबोशी अख्खी घ्या, दोन्ही बाजूंना तिरके छेद द्या, मीठ-लिंबू चोळून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्हचं तेल, त्यात उभा चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत, मग लसूण, मग भरपूर पिकलेला टोमॅटो बारीक चिरून. तमालपत्र, थोडा ओरेगानो. टोमॅटोचं पाणी आटून तेल कडेला दिसायला लागलं की हिरवी ऑलिव्ह, केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) आणि व्हिनेगरमधल्या अख्ख्या मिरच्या, त्यांच्या बाटलीतल्या दोन चमचे पाण्यासकट. पाच-सात मिनिटं उकळू द्या. मग मासा त्यात निजवा, वरून रस घाला, झाकण ठेवा. मंद आच. काट्याजवळचं मांस सुटलं की उतरवा. सोबत पांढरा मोकळा भात.

मीठ अगदी हात राखून, कारण ऑलिव्ह आणि केपर्स दोन्ही खारवलेले. चिंच, कोकम, तिरफळ घालू नका. नारळ तर नकोच. तुमच्या हाताला तो मोह होणार हे मी जाणतो, पण नारळ पडला की तो आपला मासा झाला, आणि आपला मासा तुमच्याकडे रोज उत्तमच होतो. ही चव वेगळी का आहे ते बघा. ऑलिव्ह आणि केपर्स स्पॅनिश जहाजांतून आले. कोर्तेस या स्पॅनिश सरदाराने १५१९ साली या किनाऱ्यावर गाव वसवलं, तेव्हापासून स्पेनचा माल इथेच उतरायचा. टोमॅटो आणि मिरची तिथल्याच मातीतली. दोन्ही एका पातेल्यात यायला बंदरच हवं होतं.

केपर्स महाग पडतील. मिळाले नाहीत तर ऑलिव्ह वाढवा, पण ऑलिव्हशिवाय करू नका. आणि सुरमईचा करू नका, त्या रसात ती कोरडी लागते.

हापूसच्या बागेत वाढलेल्या माणसाने तिथला आंबा खावा का?
– एक बागायतदार, देवगड

खावा, आणि मे महिन्यात गेलात तर मुद्दाम खावा. वेराक्रूझ राज्यात ‘मनिला’ आंबा होतो. फिलिपिन्सहून स्पॅनिश गलबतांनी तो मेक्सिकोत आणला, म्हणून ते नाव. लांबट, पिवळा, पातळ सालीचा, कोय चपटी, गर रसाळ. वास हापूसएवढा दरवळत नाही. हापूसशी तुलना करत खाल्लात तर त्याच्यावर अन्याय होईल. तो गोडीचा नव्हे, रसाचा आंबा आहे.

पिकलेला बाजारातून घ्या आणि खोलीवर नेऊन निवांत खा. रस्त्यावर मात्र जरा टणक आंबा मागा. गाडीवाला साल काढून तो काठीला टोचतो, सुरीने फुलाच्या पाकळ्यांसारखे छेद देतो, मग लिंबू, मीठ आणि लाल तिखट. तिखटाचा हात तिथे सढळ असतो, कमी हवं तर काठी हातात घ्यायच्या आधीच ‘पोको चिले’ म्हणा.