प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा कडक व्हावा म्हणून आमदार-खासदारांना पत्र लिहून उपयोग होतो का?

होतो. पण ‘मुक्या जिवांसाठी काहीतरी करा’ एवढंच लिहिलेल्या पत्राचा होत नाही. त्यांना करता येण्यासारखी एक नेमकी गोष्ट मागावी लागते.

तुम्ही लिहिलंय की शेजारी कुत्र्याला उपाशी बांधून ठेवतात, मारतात आणि पोलीस लक्ष घालत नाहीत. त्या कुत्र्यासाठी लेखी तक्रार आजच द्या, जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही द्या. कायदा बदलेपर्यंत ते जनावर थांबू शकत नाही.

पोलीस टाळाटाळ का करतात, याचं बरंचसं उत्तर १९६० च्या केंद्रीय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे. जनावराला मारणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीने बांधणं हे कलम ११ खाली गुन्हे आहेत, पण अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असे. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे जीव जाईपर्यंत कायद्याला फारशी धारच नाही. मला हे असह्य वाटतं, म्हणून मी पत्रं लिहितो.

खासदारांकडे कलम ११ मधली दुरुस्ती मागा: दंड वाढवा, गंभीर क्रूरता दखलपात्र करा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अशा दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न संसदेत विचारा, असं सरळ लिहा. मंत्री नसलेला खासदारही स्वतःचं विधेयक मांडू शकतो. ते बहुधा मंजूर होत नाही हे खरं, पण हा १९६० चा कायदा आला तोच मुळी राज्यसभेत नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या अशा खासगी विधेयकामुळे. सरकारने स्वतः कायदा आणण्याचं आश्वासन दिलं, तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं.

‘हा केंद्राचा विषय आहे’ असं आमदारांच्या कार्यालयात सांगतील. ते अर्धंच खरं आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि याच कायद्यात महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी दुरुस्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली. शर्यतींबद्दल तुमचं मत काहीही असो, लोकांनी रेटा लावला की राज्यही हा कायदा बदलू शकतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं. तोच रेटा दंड वाढवण्यासाठी का नको?

आमदारांकडे आणखी एक छोटी मागणी करता येते, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती हवी. आपल्या जिल्ह्यात ती आहे का, तिच्या बैठका होतात का, आजारी जनावरांसाठी तिच्याकडे जागा आहे का, यावर विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारण्याची विनंती करा. यात कोणाचा रोष ओढवून घ्यायचा नसतो, त्यामुळे आमदार सहसा तयार होतात.

पत्र एका पानाचं ठेवा. मतदारसंघातला पत्ता आणि फोन वरच लिहा, कारण पत्र आधी स्वीय सहायक वाचतात आणि तुम्ही मतदार आहात का हे पाहतात. तुमच्या तक्रारीची प्रत जोडा. जखमी जनावरांचे फोटो ढिगाने लावू नका, एक पुरे. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात, तेव्हा पत्र त्याआधी पोचायला हवं. दोन-चार शेजाऱ्यांना घेऊन संपर्क कार्यालयात स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. अधिवेशन संपल्यावर प्रश्न लागला का ते विचारा. लागला असेल तर मंत्र्यांच्या उत्तराची प्रत मागून घ्या आणि पुढच्या पत्राला जोडा.