माडी रिकामी झाली, हे खात्यात कोण लिहिणार?

प्रश्न : लोकमान्य नगरात आमचं दुमजली घर आहे. संपत्तिकराचं खातं अजून कै. सासऱ्यांच्याच नावावर आहे. माडीवरचं बिऱ्हाड दिवाळीत गेलं, आता वर-खाली आम्हीच राहतो. कर मुलगा पुण्याहून मोबाइलवर भरतो. यंदा मार्चमध्ये त्याचं राहून गेलं आणि एप्रिलमध्ये पाहतो तर रक्कम चांगलीच फुगलेली! शेजारी म्हणतात, सासूबाईंचं नाव लावा, विधवेला कर माफ असतो. नाहीतर लोक अदालतीत जा. काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मोबाइलवर आपण समोर आलेला आकडा भरतो, तो आला कुठून हे बघत नाही. तेव्हा चिरंजीवांना सांगा, नुसती रसीद नको, खात्याचा पूर्ण तपशील पाठव. त्यात प्रत्येक मजल्याचं क्षेत्रफळ आणि त्यापुढे वापर लिहिलेला असतो, स्वतःचा की किरायाचा. सगळी मेख तिथे आहे.

आपल्या मध्य प्रदेशात मालक स्वतः राहतो तेवढ्या भागाला संपत्तिकरात ५० टक्के सूट मिळते. समेकित कराला, म्हणजे सफाई, दिवाबत्ती वगैरेंच्या एकत्रित कराला, ती लागत नाही. शिवाय त्या वर्षाचा कर ३१ मार्चच्या आत भरला तरच. तारीख हुकली, सूट गेली, म्हणून तळमजल्याचा कर दुप्पट झाला. माडीला किराएदारामुळे सूट नव्हतीच. गेल्या वर्षाचं सोडा, महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन भांडण्यात अर्थ नाही. बाकी भरून टाका आणि चालू वर्षाची सूट दोन्ही मजल्यांवर पदरात पाडून घ्या. त्यासाठी नवी स्वविवरणी, म्हणजे घराचा तपशील आपणच लिहून द्यायचा फॉर्म, भरून माडीचा वापर बदलावा लागेल. बिऱ्हाड गेलेलं कंप्यूटरला आपोआप कळत नाही. जुना किरायानामा आणि वरच्या मीटरचं वीजबिल जवळ असू द्या. त्याच फेरीत नामांतरणाचा, म्हणजे खात्यावरचं नाव बदलण्याचा अर्जही द्या, सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि वारसांची संमती जोडून. नणंदांच्या सह्या आधी घ्या, बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते.

विधवेच्या माफीबद्दल शेजाऱ्यांनी अर्धंच सांगितलं. १९५६च्या महानगरपालिका अधिनियमात ती आहे, पण त्या घराचा किराया हाच जिच्या पोटापाण्याचा मुख्य आधार, तिच्यासाठी. तुमच्याकडे आता किराएदारच नाही! नाव जरूर लावा, माफीची आशा मात्र नको.

लोक अदालतीत मूळ कर कमी होत नाही, अधिभार, म्हणजे उशिराची वाढीव रक्कम, तेवढा सुटतो. आजवरचे टप्पे असे : बाकी ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण अधिभार, एक लाखापर्यंत निम्मा, त्यावर २५ टक्के. वर्षानुवर्षांची थकबाकी असणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो. तुमची बाकी एका वर्षाची. अधिभाराची ओळ आधी बघा. शे-दोनशे रुपयेच असतील तर त्या दिवशीच्या गर्दीत कशाला उभं राहता?