बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल असेल तर आकसलेली पित्तनलिका तशीच ठेवली तर चालेल का?

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर नलिका आकसली, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) वर्षभर चढलेलं आहे, पण कावीळ नाही; मग थांबायला काय हरकत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हरकत आहे.

नलिका अर्धवट आकसलेली असली किंवा यकृताच्या एकाच भागातली अडली असली, की उरलेलं यकृत बिलिरुबिन बाहेर टाकत राहतं. डोळे पिवळे होत नाहीत. आत मात्र पित्त तुंबून दाब बारीक नलिकांपर्यंत मागे जातो. पित्ताम्लांनी पेशी दुखावतात, नलिकांभोवती सूज येते आणि तिथे तंतू साचतात. एका नलिकेभोवतीचे तंतू दुसरीपर्यंत पोचून त्यांची जाळी तयार झाली, की सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं. नलिका पूर्ण बंद असेल तर हे काही महिन्यांतही होतं, अर्धवट असेल तर वर्षं लागतात. मधेमधे जंतुसंसर्ग झाला तर आणखी लवकर. (जन्मतः नलिका बंद असलेल्या बाळांना तर इतकीही सवड नसते, पित्ताला आतड्यात वाट करून देणारं कासाई ऑपरेशन शक्यतो 60 दिवसांच्या आत करतात.)

सोनोग्राफीत ‘नलिका फुगलेली नाही’ असं आलं तरी निर्धास्त राहू नका. यकृत कडक झालं की आतल्या नलिका फुगतच नाहीत. आकसलेली जागा नेमकी एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) दिसते. फायब्रोस्कॅनची (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीची) घाई नको: पित्त तुंबलेलं असताना आकडा मुळातच फुगून येतो, म्हणून ही तपासणी पित्ताचा निचरा झाल्यावर काही आठवड्यांनी करावी.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढलेला असेल तर आधी व्हिटॅमिन के इंजेक्शनने देऊन पाहतात, कारण पित्त आतड्यात पोचलं नाही तर हे व्हिटॅमिन शोषलंच जात नाही. एक-दोन दिवसांत आयएनआर उतरला तर दोष शोषणाचा. नाही उतरला तर यकृताचं कामच मंदावलेलं असण्याची शक्यता जास्त.

उपाय म्हणजे ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून) फुग्याने नलिका रुंद करणं आणि ती उघडी ठेवणारी नळी म्हणजे स्टेंट बसवणं, किंवा नलिका थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन. प्लास्टिकचा स्टेंट साधारण 3 महिन्यांत गाळाने तुंबतो, म्हणून बदलायची तारीख लिहून ठेवा. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

वेळेत निचरा झाला तर साचलेले तंतू कमीही होतात. पण यकृत कडक झाल्यामुळे प्लीहा वाढली, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या, की तीच शस्त्रक्रिया बरीच धोक्याची होते आणि यकृत प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.