जिओकॅशिंगसाठी हातात धरायचा जीपीएस कोणता घ्यावा? फोनपेक्षा तो खरंच जास्त अचूक असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायच्या खेळात, फोनवर बारा-तेरा डबे सापडले, पण झाडीत शिरलं की निळा ठिपका बेडकासारखा उड्या मारतो, म्हणून आता 'एक मीटरपर्यंत अचूक' असं वेगळं यंत्र घ्यायचंय. यंत्र जरूर घ्या. मी गेली काही वर्षं तेच वापरते आणि नुसत्या फोनवर परत जाणार नाही. फक्त ते एक मीटरचं मनातून काढून टाका.

(लपवलेल्या डब्याला इंग्रजीत 'कॅश' (cache) म्हणतात, मी 'डबा' म्हणते. मराठीत 'कॅश' म्हटलं की समोरच्याचा हात खिशाकडे जातो. 'मी जरा कॅश शोधून येते' हे वाक्य घरात एकदा बोलून बघा.)

डबा लपवणाऱ्यानं जे अक्षांश-रेखांश दिलेत, ते त्याच्या हातातल्या यंत्रानं मोजलेले असतात. त्याचं यंत्र त्या दिवशी ४ मीटर चुकलं, तुमचं आज ४ मीटर चुकलं आणि दोन्ही उलट्या दिशांना चुकली, तर तुम्ही डब्यापासून ८ मीटरवर उभं राहून पडद्यावर 'शून्य' वाचत असता. उद्या तुम्ही जमीन मोजणाऱ्यांचं, सेंटीमीटरचा हिशेब देणारं यंत्र घेऊन गेलात तरी लपवणाऱ्याचे ४ मीटर कुठे जात नाहीत. शिवाय या खेळात आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत. शेवटचा अंक एकानं बदलला की जागा उत्तर-दक्षिण १.८५ मीटर सरकते. म्हणजे एवढी ढिलाई नुसत्या लिहिण्यातच आहे. आणि पडद्यावर जे 'अचूकता ३ मीटर' दिसतं, ते यंत्रानं स्वतःच स्वतःला दिलेले मार्क असतात. उपग्रह आकाशात कसे पसरलेत ते बघून काढलेला अंदाज. समोरच्या कड्यावर आपटून आलेला संदेश खरा की खोटा, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं.

हा खेळ जन्मला तोही अशाच ढिलाईच्या जमान्यात. २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं, जागा शंभरेक मीटरपर्यंत हुकायची. १ आणि २ मे २००० च्या मधल्या रात्री ती भेसळ बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत इतर वस्तूंबरोबर घेवड्याचा एक सीलबंद टिनही होता. लोकांनी ती शोधली ती तेव्हाच्या यंत्रांनी, म्हणजे आज तुमच्या फोनमध्ये आहे त्यापेक्षा कितीतरी अडाणी यंत्रांनी. शेवटचे पाच-दहा मीटर तेव्हाही डोळ्यांनीच काढायचे होते.

मग वेगळं यंत्र कशाला? माझ्या लेखी पहिलं कारण बाण, म्हणजे पडद्यावर डब्याची दिशा दाखवणारा.

माझ्या पहिल्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नव्हतं. मला वाटलं, बाण तर दिसतोय, मग होकायंत्राचे जास्तीचे पैसे कशाला. एका ओंडक्यापाशी पोचले, पडद्यावर ७ मीटर. थांबले, आणि बाण गरगर फिरायला लागला. डावीकडे, मागे, परत समोर. होकायंत्र नसलेलं यंत्र तुमची दिशा ओळखतं ती तुमच्या चालण्यावरून: मघाशी इथे होतात, आता इथे आहात, म्हणजे तोंड तिकडे. तुम्ही थांबलात की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, उरते फक्त जागेतली थरथर, आणि त्या थरथरीलाच ते दिशा समजतं. मग मी वीस पावलं मागे गेले, सरळ चालत आले, बाण कुठे दाखवतो ते बघून जमिनीवर एक काटकी ठेवली. बाजूला जाऊन तसंच परत केलं. दोन काटक्यांच्या रेघा जिथे छेदत होत्या तिथे डबा नव्हता, दोन हात पलीकडे, ओंडक्याच्या सालीखाली होता. युक्ती चांगली आहे, अजूनही वापरते. पण फुलपाखरांचा हिरवा शर्ट घातलेल्या बाईनं एकाच झाडाभोवती चार वेळा फेऱ्या मारणं लोकांच्या नजरेत भरतं, आणि या खेळात नेमकं तेच नको असतं.

तेव्हा होकायंत्र हवंच, आणि ते तीन अक्षांचं हवं. दोन अक्षांचं असेल तर यंत्र ताटासारखं सपाट धरावं लागतं, जरा कललं की दिशा चुकते. चढावर एका हातानं फांदी धरलेली असताना सपाट कसलं धरताय. सेल बदलले की होकायंत्र जुळवून घ्यायचं, म्हणजे यंत्र सांगेल तसं हातात तीन दिशांनी फिरवायचं. गाडीच्या बॉनेटवर ठेवून हे करू नका. आणि फोनच्या ज्या कव्हरला लोहचुंबक असतं ते कव्हर यंत्राजवळ नको. लोखंडी कठड्याला चुंबकानं चिकटवलेल्या डब्यांपाशी बाण थोडा बहकला तरी घाबरू नका, पडद्यावरचं अंतर बघा.

दुसरं कारण बटणं. पावसाचे थेंब पडले की फोनचा पडदा आपणहून बोटं फिरल्यासारखा वागतो, हातमोज्यात तर विचारूच नका. बटणांच्या यंत्राला यातलं काही बाधत नाही. उन्हात त्याचा पडदा उलट जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरचाच उजेड परतवतो. यंत्र आयपीएक्स ७ दर्जाचं असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकावं असा त्याचा अर्थ, ओढ्यात पडलं तर काढून पुसायचं. बटणांची एकच खरी कटकट: अनेक टप्प्यांनी गाठायच्या डब्याच्या शोधात वाटेत मिळालेले नवे आकडे घालायचे असतात, आणि छोट्या दांडीनं एकेक अंक निवडताना जीव जातो. माझा एक सोबती याच कारणासाठी टचस्क्रीनवाला झाला. त्याला मी दोष देत नाही, पावसात मात्र त्याचं यंत्र पिशवीत असतं.

सेलबद्दल मी हट्टी आहे. साधे पेन्सिल सेल (एए) चालणारं यंत्र घ्या. आतली बॅटरी कितीही मोठी असली तरी काही वर्षांनी तिचा दम जातो, सेल मात्र कुठेही मिळतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल ठेवा, दोन यंत्रात, दोन खिशात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, साध्या अल्कलाइनचा १.५. म्हणून मेनूत सेलचा प्रकार बदलायला विसरू नका, नाहीतर भरलेले सेल यंत्र अर्धे दाखवतं आणि तुम्ही उगीच दुकानदाराला शिव्या घालता.

अँटेनाचा विषय लोक फार चघळतात. थोडक्यात: चपट्या अँटेनाचं यंत्र आकाशाकडे पडदा करून आडवं धरायचं, वर खुंटीसारखी अँटेना असलेलं उभं. उलटं धरलं की चांगलं यंत्रही वाईट वाटतं. हल्ली 'मल्टिबँड' हा शब्द दिसेल. त्यात एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) या नेहमीच्या संदेशाबरोबर एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हा दुसरा संदेशही घेतात, त्यामुळे आपटून आलेले संदेश ओळखायला मदत होते. कड्यांच्या मधल्या घळीत किंवा उंच इमारतींत फरक जाणवतो. मोकळ्या माळावर मला तरी जाणवला नाही, आणि भिजलेल्या दाट पानांखाली सगळेच धडपडतात.

नकाशा हवा का? डबा शोधायला नको, डब्यापर्यंत पोचायला हवा. बाण पक्ष्यासारखा सरळ दाखवतो. मी एकदा '१४० मीटर' वाचून खूश झाले होते, आणि मधे नदी होती. पूल गाठून पलीकडे जायला पाऊण तास गेला. गार्मिन कंपनीच्या नकाशा दाखवणाऱ्या यंत्रांवर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशापासून तयार केलेले फुकट नकाशे चढवता येतात, तेवढे पुरतात.

आता नावं, सगळी गार्मिनचीच. माझं मत विचाराल तर ईट्रेक्स ३२एक्स. पेन्सिल सेल, नकाशा, मेमरी कार्डाची खाच, तीन अक्षांचं होकायंत्र. तसंच दिसणारं २२एक्स स्वस्त पडतं, पण त्यात होकायंत्र नाही, आणि ओंडक्याची गोष्ट वर सांगितलीच. २०२३ मध्ये आलेलं ईट्रेक्स एसई दोन पेन्सिल सेलवर १६८ तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते, त्याला फोन जोडून डब्यांची माहिती घेता येते, मात्र त्यात नकाशा नाही. डोंगराळ, घळींच्या भागात फिरणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर जीपीएसमॅप ६५एस बघा: मल्टिबँड, खुंटीवाली अँटेना, आणि तरीही पेन्सिल सेल. ६७ त्याहून जोरदार आहे, पण बॅटरी आतली. ज्यांच्या नावात शेवटी 'आय' आहे त्यांत उपग्रहावरून निरोप पाठवायची सोय असते. तिला वेगळी वर्गणी लागते आणि काही देशांत असं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, म्हणून प्रवासाला नेण्याआधी चौकशी करा.

जुनं वापरलेलं घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. एक, जीपीएक्स फाइल घेतं का. त्या फाइलमध्ये डब्याचं वर्णन, आकार, अवघडपणा, शोधायला मदतीची हिंट, आधीच्या लोकांनी लिहिलेलं, सगळं येतं. जिओकॅशिंग डॉट कॉमच्या सभासदत्वाची वर्गणी भरली की एका वेळी १००० पर्यंत डब्यांची फाइल उतरवता येते. फार जुनी यंत्रं नुसतं नाव आणि आकडे ठेवतात, मग बाकीचं कागदावर छापून न्या. दोन, तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीकाटा १०२४ नंतर शून्यावर येतो, शेवटचा आला तो ६ एप्रिल २०१९ ला. सुधारणा न केलेली यंत्रं तेव्हापासून वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर येते, पण विकणाऱ्याशी घासाघीस करायला मुद्दा चांगला.

कुठलंही यंत्र आणलंत तरी पहिल्यांदा उघड्यावर पंधरा मिनिटं पडू द्या. उपग्रहांची पूर्ण पंचांगवही (कुठला उपग्रह कधी कुठे असेल ती यादी) उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. सेटिंगमध्ये डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) 'डब्ल्यूजीएस ८४' आहे ना ते बघा. दुसरं काही असेल तर शे-दोनशे मीटरसुद्धा हुकाल आणि खापर यंत्रावर फोडाल. मग तुम्हाला आधीच सापडलेल्या एखाद्या डब्याकडे जा, तीन बाजूंनी चालत या, आणि दर वेळी शून्य कुठे येतं ते बघा. आपलं यंत्र किती आणि कसं चुकतं हे एका सकाळीत कळतं.

फोन मात्र घरी ठेवू नका, आणि यंत्राला गळ्यात घालायची दोरी बांधा. मी एकदा डब्यातल्या वहीत सही करताना यंत्र शेजारच्या दगडावर ठेवलं, वही मिटली, डबा जागच्या जागी ठेवला आणि चालू लागले. अर्ध्या किलोमीटरवर लक्षात आलं. मग फोनवर त्याच डब्याचे आकडे उघडले आणि निळ्या ठिपक्याच्या मागे परत गेले. यंत्र दगडावर होतं, पडद्यावर '२ मीटर' दाखवत.